बॅटरी पंपाच्या मोटरची ताकद वाढवायची तर आधी व्होल्ट कुठे गळतात ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप, १२ व्होल्ट ८ एएच (अँपिअर-तास) बॅटरी, एकच मोटर. जुलैत काम बरं होतं. पण सप्टेंबरात कपाशी छातीला लागली की फवारा आत शिरत नाही आणि चार-पाच टाक्यांनंतर गनमधून नुसती धार पडते. रेग्युलेटरचं बटण पूर्ण फिरवूनही फरक नाही. सर्किटमध्ये बदल करून मोटरची ताकद वाढेल का, की दोन बॅटऱ्या जोडून सरळ २४ व्होल्ट द्यावेत?

ताकद वाढते, पण २४ व्होल्टचा विचार सोडून द्या. बहुतेक पंपांत मोटरला १२ व्होल्टसुद्धा मिळत नसतात. बॅटरीवर १२ असतात आणि मोटरच्या टर्मिनलवर पोचेपर्यंत दहा-साडेदहा उरतात. मधले दीड-दोन व्होल्ट स्विच, लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी), वायर आणि रेग्युलेटर खातात. ते परत मिळवणं हेच खरं काम. खर्च किरकोळ, आणि मोटर ज्या व्होल्टसाठी बनली तेच तिला मिळतात, म्हणून ती जळायची भीती नाही.

दोन व्होल्टनी किती फरक पडतो? मोटरचे फेरे साधारण व्होल्टच्या प्रमाणात वाढतात आणि फेऱ्यांच्या प्रमाणात पाणी वाढतं. नोझलचं छिद्र तेवढंच राहतं, म्हणून दाब पाण्याच्या वर्गाने वाढतो. मोटरवरचा भार दाबाबरोबर चढतो, भाराबरोबर करंट चढतो आणि वायंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने चढते. म्हणजे १० चे १२ व्होल्ट झाले तर पाणी २० टक्के, दाब ४४ टक्के आणि उष्णता दुप्पट. इथे उष्णता दुप्पट होऊनही चालते, कारण १२ व्होल्टची मोटर ती सोसायलाच केलेली असते. आता १२ चे २४ करून बघा: याच हिशोबाने उष्णता १६ पट. प्रत्यक्षात तेवढी वेळ येत नाही. त्याआधीच प्रेशर स्विच (दाब मर्यादेला पोचला की मोटर बंद करणारा स्विच) मोटर सारखी थांबवायला लागतो, नाहीतर डायफ्राम (पाणी ढकलणारा रबरी पडदा) फाटतो, नाहीतर ब्रश जळून मोटर बंद पडते.

काही खोलण्याआधी एक खूण ऐकून घ्या. गन दाबून फवारणी चालू असताना मोटर ‘टक-टक’ करत थांबत-सुरू होत असेल, तर दाब आधीच प्रेशर स्विचच्या मर्यादेला पोचलेला आहे. मोटरमध्ये ताकद आहे, नोझल तिच्यासाठी बारीक किंवा चोंदलेलं आहे. अशा पंपात सर्किट बदलून काहीही हाती लागणार नाही. नोझल साफ करा किंवा मोठ्या छिद्राचं लावा. मोटर सलग घरघर चालत असूनही फवारा ढिला असेल, तरच पुढचं वाचा.

पंप टेबलावर घेण्याआधी टाकी, नळी आणि गन साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, हातमोजे घाला. तळाच्या कप्प्यात औषधाचा थर बसलेला असतो. त्यावर सोल्डरिंगची इस्त्री टेकली की निघणारा धूर थेट नाकात जातो.

आता मोजमाप. डिजिटल मल्टिमीटर हवा, साधा चालेल. नोझल काढून ठेवा, टाकीत साधं पाणी भरा, रेग्युलेटर पूर्ण उघडा आणि एक लिटरचं माप किती सेकंदांत भरतं ते बघा. मोटरच्या लेबलवर मिनिटाला किती लिटर ते छापलेलं असतं. ३.६ लिटर लिहिलं असेल तर एक लिटर सुमारे १७ सेकंदांत भरायला हवं. लेबल थोडं फुगवलेलं असतं, म्हणून २० सेकंदांपर्यंत माफ. मग नोझल लावून, गन उघडी ठेवून दोन आकडे घ्या: मोटरच्या टर्मिनलवरचे व्होल्ट आणि मोटरचा करंट. करंटसाठी मीटर १० अँपिअरच्या खोबणीत आणि मोटरच्या एका वायरच्या मध्ये जोडायचा. नंतर प्रोब परत व्होल्टच्या खोबणीत लावायला विसरू नका, नाहीतर पुढच्या मोजणीत बॅटरी शॉर्ट होते आणि मीटरचा फ्यूज उडतो.

या आकड्यांवरून बिघाड कुठे आहे ते जवळजवळ ठरतं. मोटरवर व्होल्ट कमी आणि करंटही कमी, तर गळती विजेची आहे, म्हणजे या उत्तराचा विषय. व्होल्ट ठीक पण करंट लेबलपेक्षा जास्त आणि पाणी कमी, तर मोटर किंवा पंपाचं डोकं जाम आहे: बेअरिंग गंजलं, ब्रशची भुकटी साचली, नाहीतर गाळ अडकला. व्होल्ट ठीक, करंट कमी आणि पाणीही कमी, तर मोटर मोकळी फिरते आहे. टाकीतली गाळणी चोंदली असेल, सक्शनची नळी हवा ओढत असेल, डायफ्रामला चीर गेली असेल, किंवा वॉल्व्हवर क्षार बसले असतील. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्याने हा शेवटचा प्रकार फार दिसतो. डोक्याचे स्क्रू काढून रबरी वॉल्व्ह काही वेळ पातळ व्हिनेगरमध्ये ठेवले आणि साध्या पाण्याने धुतले तर थर सुटतो. नव्या मोटरच्या पैशांची गरज नसते.

गळती विजेची निघाली, तर मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि पंप पाणी मारत असतानाच मोजा. मोटर बंद असताना करंट वाहत नाही, म्हणून गळतीही दिसत नाही. नुसती बॅटरी तपासून “१२.६ आहेत, बॅटरी ठणठणीत” असं सांगणारे इथेच फसतात. एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा मोटरच्या प्लसवर टेकवा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत गेले. तसंच मायनसचं करा. मग वाट तुकड्यातुकड्याने मोजा: बॅटरीचा लग, मेन स्विचच्या दोन टोकांत, रेग्युलेटरच्या आत-बाहेर, प्रेशर स्विचच्या दोन टोकांत. तीन अँपिअरला कुठल्याही एका सांध्यावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर तो सांधा बदलायचा.

बॅटरीचीही परीक्षा याच वेळी होऊन जाते. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवलेली चांगली लेड बॅटरी १२.७ च्या आसपास असते आणि तीन अँपिअरच्या भाराला मिनिटभराने १२.३ च्या जवळ टिकते. पूर्ण चार्जवर असूनही भाराखाली ११.५ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी संपली आहे. तिच्यावर कुठलंही सर्किट लावलं तरी ताकद येणार नाही.

वायरकडे कुणी बघत नाही. स्वस्त पंपात बहुतेकदा १४/३८ ची, म्हणजे ३८ गेजच्या १४ तारांची वायर असते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.०६७ ओहम. जाण्यायेण्याची लांबी दीड मीटर धरली तर ०.१ ओहम, म्हणजे तीन अँपिअरला ०.३ व्होल्ट गेले. डबल मोटरला ०.६. तीच वायर ४०/३६ ची घातली तर तीन अँपिअरला नुकसान ०.०७ व्होल्टच्या आत येतं. वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे: रोध जास्त, सोल्डर नीट धरत नाही आणि औषधाच्या वाफेने लवकर कुजते. लग दाबून बसवा आणि वरून सोल्डरचा एक थेंब द्या. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर एका हंगामात काळी पडते.

मेन स्विचवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ‘६ अँपिअर २५० व्होल्ट’ हा आकडा एसीचा असतो. डीसीत ठिणगी लवकर विझत नाही, त्यामुळे तोच स्विच तीन अँपिअरच्या मोटरलाही हळूहळू जळतो. १६ किंवा २० अँपिअरचा रॉकर स्विच लावा आणि वरून रबरी टोपी चढवा.

सगळ्यात मोठा चोर बहुधा रेग्युलेटर असतो, त्याच्यावर जरा थांबू. हा बोर्ड मोटरचा करंट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतो आणि चालू वेळेचं प्रमाण बटणाने बदलतो. स्वस्त बोर्डात दोन उणिवा असतात. एक, बटण पूर्ण फिरवलं तरी प्रमाण शंभर टक्क्यांवर जात नाही. दोन, चालू-बंद करणारा भाग हलका असतो. तिथे टीआयपी १२२ सारखा डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर असेल तर तीन अँपिअरला त्याच्यावरच दोन व्होल्टपर्यंत पडू शकतात. म्हणजे सहा वॅट नुसती उष्णता, ज्यांचा एक थेंबही पानावर पडत नाही.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ‘फुल’ स्विच. मोटर पूर्ण ताकदीवर हवी असेल तेव्हा रेग्युलेटरला वळसा घालायचा. त्याआधी तुमचा बोर्ड प्लस तोडतो की मायनस, हे पक्कं करा. बॅटरी काढून ठेवा, मीटर बझरवर लावा, मेन स्विच चालू स्थितीत ठेवा आणि बॅटरीच्या प्लस लगपासून मोटरच्या प्लसपर्यंत आवाज येतो का बघा. आला तर बोर्ड मायनस तोडतो, बहुतेक पंपांत हेच असतं. मग १६ अँपिअरचा एक रॉकर स्विच घ्या. त्याचं एक टोक बोर्डाच्या ‘मोटर मायनस’ला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला जोडा. स्विच बंद असताना बटण पूर्वीसारखं चालतं, चालू केला की पूर्ण व्होल्ट मोटरला. प्लसवर आवाज न येता मायनसवर आला, तर हीच जोडणी प्लसच्या बाजूला करायची. वळसा फक्त रेग्युलेटरला घालायचा आहे. प्रेशर स्विच मोटरच्या वाटेत राहिलाच पाहिजे.

हे तीनदा सांगायला हवं म्हणून पुन्हा: प्रेशर स्विच कधीही डायरेक्ट करू नका. गन सोडली की पाण्याला वाट नसते, मोटर अडते, करंट कित्येक पटीने चढतो आणि नळी तिच्या सगळ्यात कच्च्या जागी फुटते. ती जागा बहुधा पाठीमागे, टाकीच्या बुडाशी असते. औषध थेट कमरेवर.

बोर्डच नीट करायचा असेल तर ट्रान्झिस्टर काढून आयआरएफझेड ४४ एन हा मॉसफेट (कमी रोधाचा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा. त्याचा चालू रोध सुमारे ०.०१७५ ओहम आहे, तीन अँपिअरला ०.०५ व्होल्ट. पण हा आकडा गेटला (चालू-बंदचा इशारा घेणाऱ्या पायाला) १० व्होल्ट मिळाले तरच खरा. बोर्डावर पाच व्होल्टवर चालणारी मायक्रोकंट्रोलर चिप असेल तर हा मॉसफेट अर्धवट उघडतो आणि तापतो. तिथे आयआरएलझेड ४४ एन घ्या, तो पाच व्होल्टला पुरेसा उघडतो. दोन्हींच्या पायांचा क्रम एकच: छापील बाजू समोर धरली तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. टीआयपी १२२ चा क्रम बेस, कलेक्टर, एमिटर, त्यामुळे त्याच छिद्रांत बसतो. गेटच्या वाटेत ४७ ते १०० ओहम आणि गेटपासून सोर्सला १० किलोओहमचा रेझिस्टर द्या. हा दुसरा विसरलात तर गेट लोंबकळत राहतो आणि बोर्ड बंद असतानाही मोटर मधूनच फिरते. ट्रान्झिस्टरच्या बेसला आधीचा एक किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो काढून हा लहान घालायचा, नाहीतर मॉसफेट सावकाश उघडतो-मिटतो आणि त्यातच गरम होतो.

मोटरवरचा उलटा डायोडही बघा. मोटरचा करंट तुटला की तिच्या गुंडाळ्यांतून उलटा झटका येतो, डायोड तो पचवतो. बऱ्याच बोर्डांवर तिथे १एन ४००७ सापडतो. तो एक अँपिअरचा आणि सुस्त आहे, हजार-दीड हजार हर्ट्झला तापून जातो. जागी एसबी ५६० किंवा एमबीआर १०४५ हा शॉट्की डायोड लावा, पट्टीची बाजू मोटरच्या प्लसला. उलटा लावला तर तो बॅटरी शॉर्ट करतो. मोटरच्या दोन टर्मिनलवर, अगदी मोटरला चिकटवून, १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट कमी होतो. बोर्डाच्या इनपुटला १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर.

बोर्ड पारच जळालेला असेल तर ५५५ टायमरवर नवा बनतो. १०० किलोओहमचं पॉट (बटणाने फिरणारा रेझिस्टर), दिशा वेगळ्या करायला दोन १एन ४१४८ डायोड आणि टायमिंगला १०३ नंबरचा कपॅसिटर: यातून सुमारे १.४ किलोहर्ट्झ मिळतात आणि बटण जवळजवळ एक ते नव्याण्णव टक्के चालतं. ५५५ ला सप्लाय देताना मध्ये १०० ओहम आणि त्यापुढे १०० मायक्रोफॅरड ठेवा. नाहीतर मोटरच्या गोंगाटाने टायमर गोंधळतो आणि बटण मधल्या जागी आलं की मोटर हिसके देते. टायमरची मर्यादा १६ व्होल्ट आहे, पुढे बॅटरीच्या बोलण्यात ती लागेल.

मॉसफेट नकली निघतात. लावल्यावर ‘पूर्ण’वर तीन अँपिअरला ड्रेन-सोर्समध्ये ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. ०.४-०.५ दिसलं तर आधी गेटचे व्होल्ट तपासा, ते दहाच्या आसपास असतील तर माल खोटा आहे.

फ्यूज बसवा: सिंगल मोटरला ५ अँपिअर, डबलला १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. एवढीशी लेड बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर शंभराहून जास्त अँपिअर ओकते, आणि ती तुमच्या पाठीला लागून असते.

डबल मोटर टाकून ताकद वाढवणाऱ्यांसाठी. दोन डोकी समांतर जोडली की करंट सहा अँपिअरच्या पुढे जातो. ८ एएच हा आकडा वीस तासांच्या हिशोबाने, म्हणजे ०.४ अँपिअर ओढला तर, आहे. तीन अँपिअरला त्यातले सुमारे सहाच हाती येतात, सहा अँपिअरला आणखी कमी. त्यामुळे डबल मोटरला १२ एएच बॅटरी, ४०/३६ वायर आणि मॉसफेटचा बोर्ड हे तिन्ही एकत्रच करायचं. नुसती मोटर बदलली की पहिल्या दोन टाक्या जोरात आणि पुढे रडगाणं. एका बारीक नोझलवर डबल मोटरचा उपयोगही नाही. चार तोंडांची गन किंवा मोसंबीच्या झाडासाठी लांब लान्स असेल तरच ती शोभते.

हे सगळं करून आणखी थोडं हवं असेल तर बॅटरीचा प्रकार बदला. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२७०० आकाराचे ६ एएचचे चार सेल सीरिजमध्ये लावले की १२.८ व्होल्ट होतात, आणि भाराखाली तेवढे जवळजवळ शेवटपर्यंत टिकतात. लेड बॅटरी तेव्हा बारावरून साडेअकरावर घसरत असते. शेवटच्या टाकीलाही पहिल्या टाकीचा दाब मिळतो, खरा फायदा हा. वजन अडीच किलोच्या जागी साधारण सहाशे-सातशे ग्रॅम, आणि ६ एएच जवळजवळ पूर्ण वापरता येतात, म्हणजे कामाला ८ एएच लेडच्या बरोबरीने. सोबत चार सेलचा, फॉस्फेटसाठीच असलेला बीएमएस (सेलचं रक्षण करणारा बोर्ड), सलग २० अँपिअरचा. चार्जर १४.६ व्होल्टचा लिथियमचा, जुना लेडचा चार्जर कपाटात ठेवा. सेलवर थेट सोल्डर करू नका, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावून घ्या.

साध्या लिथियम-आयनचे चार सेल मात्र घालू नका. पूर्ण चार्जला ते १६.८ व्होल्ट होतात: ५५५ च्या मर्यादेबाहेर, आणि वरच्या हिशोबाने मोटरची उष्णता १२ व्होल्टच्या पावणेचार पटीच्या घरात. तीन सेल घातले तर १२.६ वर सुरू होऊन संपताना नऊ-दहावर येतात, म्हणजे मूळ तक्रार परत.

स्वस्तातला बूस्ट मॉड्यूल लावून १५ व्होल्ट करायचा सल्लाही मिळतो. एक्सएल ६००९ च्या छोट्या बोर्डावर जो चार अँपिअरचा आकडा सांगतात तो आतल्या स्विचचा आहे, मोटरला मिळणारा नाही. १५ व्होल्टला तीन अँपिअर द्यायचे तर बॅटरीकडून चारपेक्षा जास्त ओढावे लागतात, आणि मोटर सुरू होतानाचा झटका त्याच्याही वर. बोर्ड पहिल्याच दिवशी जातो.

जोडणी पक्की झाल्यावर बोर्डाला पाण्यापासून वाचवा. सिलिकॉन लावताना आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या. ग्लू गन इथल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मऊ पडते. बॅटरीच्या टर्मिनलवर व्हॅसलीन. कप्प्याच्या बुडाला पाणी निघायचं छिद्र असेल तर ते बुजवू नका.

मग साध्या पाण्याने नोझल लावून दहा मिनिटं सलग चालवा आणि मोटरच्या अंगाला हात लावा. हात टेकवून ठेवता येत असेल तर ठीक. चटका बसून झटक्यात काढावा लागला तर बटण थोडं मागे घ्या आणि करंट मोजा, तो लेबलवरच्या कमाल आकड्याच्या आत हवा. आता फवारणी करताना ‘टक-टक’ सुरू झाली तर गैर नाही: दाब पुरेसा झाला, बटण ती थांबेपर्यंत मागे आणा. प्रेशर स्विचवरचा छोटा स्क्रू आवळून दाब वाढवता येतो, पण एका वेळी पाव फेरा, आणि गेज लावूनच. आवळण्याआधी नळी आणि क्लिपा किती जुन्या आहेत ते बघा.

दाब वाढला की थेंब बारीक होतात. तणनाशकाला हा दाब वापरू नका: पूर्ण ताकदीवर ते वाऱ्याने शेजारच्या तुरीवर जातं. ‘फुल’ स्विच बंद, बटण निम्म्याच्या खाली आणि पंख्याच्या आकाराचं नोझल. डोक्याएवढ्या कपाशीत बारीक धुकं नाकातोंडात जातं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, तेव्हाही पिकाची उंची वाढलेलीच होती. मास्क, चष्मा, लांब बाह्या आणि वाऱ्याकडे पाठ. ताकद वाढवलेल्या पंपाला हे जास्त लागू.

लेड बॅटरी ठेवली असेल तर हंगाम संपल्यावर पूर्ण चार्ज करूनच ठेवा आणि दोन महिन्यांनी एकदा पुन्हा चार्ज करा. उन्हाळ्यात तिचा आपोआप होणारा डिस्चार्ज वाढतो, आणि रिकामी राहिलेली बॅटरी जूनमध्ये चार्जरवर हिरवा दिवा दाखवूनही दोन टाक्यांत बसते.